बोरजाईच्या बाजारातली शेजारहाक

हा निंबाखालचा सपाट दगड दिसतोय ना, त्याच्यावर बसू नका. उठा हो टोपीवाले, तुम्हालाच सांगतोय. तानूचा कट्टा म्हणतात त्याला. बाजार भरला की इथं पाय ठेवायला जागा नसते, तरी या दगडावर कुणी टोपली टेकवत नाही. तुम्ही सगळी दुकानदार मंडळी, धंदा वाढवायचं शिकायला तालुक्याहून आलात म्हणे. मग आधी कान देऊन ऐका. ती समोरची कुंभारीण कशाची हाक देतेय? कोवळ्या गवारीची. आणि गवारवाला मडक्यांची देतोय. बोरजाईच्या बाजारात स्वतःच्या मालाची हाक कुणी देत नाही, शेजाऱ्याच्या मालाची देतो. हसलात ना? सगळेच हसतात. पण ही चाल गमतीत पडलेली नाही.

फार मागं इथं भिवा सणगर राहायचा. घोंगडी विणायचा. चिंचोक्याची खळ अशी बसवायचा की घोंगड्यावर तांब्याभर पाणी ओतलं तरी खाली थेंब उतरत नसे, असं सांगतात. पण माणूस घुमा. माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं, एवढंच त्याचं म्हणणं. येतं का हो तसं कधी? तुम्हीच सांगा. गिऱ्हाईक यायचं ते त्याच्या बायकोमुळं, तानूमुळं. ती या दगडावर बसून हाक द्यायची आणि ती पार वरच्या खिंडीत ऐकू जायची म्हणे. आलेल्या माणसाला नावानं विचारायची, गेल्या सालचं घोंगडं कसं निघालं, मेंढरं किती झाली. पाणी त्याच्याच हातानं ओतायला लावायची. खोट असली तर तीही सांगायची, हे दोन महिने टोचेल बाबा, हे काठाला जरा विरळ आहे. खोट लपवत नाही म्हणून तिच्या शब्दावर लोक डोळे मिटून माल उचलायचे. तुमच्या शिबिरात याहून वेगळं काय शिकवणार आहेत?

मग एक दिवस पारावर कुणीतरी भिवाला डिवचलं. लोक तुझं घोंगडं घेत नाहीत गड्या, बायकोचा गळा घेतात. चेष्टाच ती, पण त्याच्या जिव्हारी लागली. घरी येऊन तो तानूला म्हणाला, "बाजारात परत तोंड उघडलंस, तर माझं मेलेलं तोंड बघशील."

नवऱ्याच्या जिवावरची शपथ. ती मोडणार कशी?

पुढच्या बाजाराला तानू दगडावर बसली ती मुकाट. त्या दिवशी बिरा नावाचा म्हातारा धनगर आला. खिंड ओलांडून मेंढरं पलीकडं न्यायची होती आणि जवळचं घोंगडं त्यानं बाळंतीण सुनेला दिलं होतं. दरवर्षी तो तानूकडूनच घ्यायचा, तिला लेक म्हणायचा. त्यानं विचारलं, "तानू, यंदाची घोंगडी कशी आहेत गं?" तानूनं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं. त्याला वाटलं, पोर कधी खोटं बोलत नाही, आज गप्प आहे म्हणजे यंदाचा माल काही धड नसणार. तिच्या खरेपणावर विश्वास होता म्हणूनच तो तिथून उठला, बघा. दोन हातांवर भिवा बसला होता, पण त्याचा अहंकार आड आला. शेजारी भागू कुंभारीण होती. तानूचंच घ्या म्हणून सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण आपली मडकी सोडून दुसऱ्याच्या धंद्यात कशाला पडा, म्हणून तीही गप्प राहिली. परगावचा एक व्यापारी घसा फोडून ओरडत होता. त्याच्या घोंगड्यात लोकरीबरोबर अंबाडीचा वाख मिसळलेला होता, पाणी न अडवणारा. बिरानं ते घेतलं आणि तो खिंडीकडं गेला.

त्या संध्याकाळी गारांचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी बिरा खिंडीत सापडला. घोंगडं भिजून चिखलासारखं झालेलं, अंग थंडगार, आणि पोटाशी धरलेलं कोकरू तेवढं जिवंत. तानूनं घरातलं सगळ्यात चांगलं घोंगडं नेऊन त्याच्या अंगावर घातलं. भिवानं तिचे पाय धरले. शपथ सुटली म्हणाला, बोल म्हणाला. तिनं तोंड उघडलं पण आवाज निघाला नाही. त्यानंतर तो कधीच निघाला नाही. दर बाजाराला ती इथं घोंगडी घेऊन बसायची आणि खिंडीकडं बघत राहायची.

दोन बाजार असेच गेले. तिसऱ्याला भागूला ते बघवेना. मडकी तशीच टाकून ती उठली आणि रडत रडत हाक द्यायला लागली, "तानूची घोंगडी घ्या. पाणी ओतून बघा." ते ऐकून भिवा उभा राहिला. जन्मात कधी हाक न दिलेला माणूस. आपल्या मालाचं नाव घ्यायची लाज वाटली त्याला, म्हणून त्यानं भागूच्या मडक्यांची हाक दिली. मग गूळवाल्यानं मिठाची दिली, मीठवाल्यानं गुळाची. तानू पुढं काही वर्षांनी याच दगडावर गेली म्हणतात. तिनं ती हाक ऐकली, एवढंच काय ते समाधान.

आजही ती चाल मोडलेली नाही. मी खराटे विकतो. बेचाळीस वर्षं माझ्या शेजारी सुंदरा कासारीण बसायची. ती माझ्या खराट्यांची हाक द्यायची, मी तिच्या बांगड्यांची. गेल्या श्रावणात ती गेली. जागा अजून रिकामीच आहे, ती बघा, पोत्याशेजारची. नवीन कुणी बसेपर्यंत मी गप्प राहिलो तर चालतं, असं सगळे सांगतात. मला नाही जमत. बाजार भरला की मी उभा राहतो आणि बांगड्या घ्या म्हणून हाक देतो. एखादी पोर येते, बांगड्या कुठं म्हणून विचारते. मी तिला ती रिकामी जागा दाखवतो. माझे खराटे आता कमी खपतात, पण त्यांची हाक मी स्वतः देणार नाही.

चला, सरका जरा. माझ्या हाकेची वेळ झाली.