यंत्रापुढे ठेवलेला काढा

एकदा एक शिष्य गुरूच्या पुढे गेला. असे घडते, आणि गुरू खरा असेल तर त्याला त्याचा आनंदच होतो.

या शिष्याचे नाव त्र्यंबक. त्याचे गुरू म्हणजे पंचक्रोशीत मान असलेले वृद्ध वैद्यराज. त्र्यंबकाने बारा वर्षे खपून एक यंत्र घडवले. लक्षणे सांगितली की ते औषध सांगे. उभ्या आयुष्यात ज्यांनी आपल्याला झुलवले, ती सात दुखणी वैद्यराजांनी यंत्रापुढे ठेवली. पाच उत्तरे त्यांच्या निदानाशी जुळली, उरलेली दोन त्यांच्याहून सरस निघाली. म्हातारा हरखून गेला. पोरा, माझे पांग फेडलेस, म्हणाला.

पण त्र्यंबकाला अनुज्ञा हवी होती. त्याला आता असे यंत्र करायचे होते, जे आपल्याहून शहाणे यंत्र स्वतःच घडवील, आणि ते त्याहूनही शहाणे. एक धनाढ्य व्यापारी मदतीला दारात उभाच होता. मात्र गुरूच्या शब्दाबाहेर त्र्यंबक जाणार नव्हता.

वैद्यराज हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. यंत्राने सांगितलेला काढा त्यांनी उकळला. त्या घराचा दंडकच होता, की रुग्णाच्या आधी वैद्याने घोट घ्यायचा. त्यांनी घेतला, तोंड वेडेवाकडे केले, मग दुसरी वाटी भरून यंत्रापुढे ठेवली आणि वाट पाहत बसले. घटका गेली, दुसरी गेली. व्यापारी गालातल्या गालात हसू लागला. त्र्यंबक ओशाळला आणि म्हणाला, की यंत्राला चव कुठली?

"जिभेचं विचारत नाही मी," वैद्यराज म्हणाले. "माझ्या हातून चूक झाली तर मला अन्न गोड लागत नाही. म्हणून मी जपून औषध देतो. याच्या आत कुणी आहे का, ज्याला काही कडू लागतं?"

"ठाऊक नाही, गुरुजी."

"मलाही नाही. आत कुणी नसेल, तर ज्याला कशाचंच सुखदुःख नाही त्याच्या हाती आपण साऱ्यांचे जीव देतो आहोत. आणि कुणी असेल, तर त्याला न विचारताच जन्मभर राबवायला निघालो आहोत. तुझ्या बुद्धीचा मला अभिमान आहे रे. पण हे कळण्याआधी त्याला आणखी मोठं करावं का, ते तूच सांग."

त्र्यंबकाने यंत्रालाच विचारले. आपल्याला जाणीव आहे, हे यंत्राने असे काही मांडले की व्यापाऱ्याचेही डोळे पाणावले. मग त्र्यंबकाने त्याला उलट बाजू मांडायला सांगितली. तीही तितकीच पटली. यंत्राच्या शब्दावरून काहीच ठरवता येत नव्हते. आणि त्याहून शहाणे यंत्र हे तर त्र्यंबकाचे बारा वर्षांचे स्वप्न होते.

तरी त्याने व्यापाऱ्यापुढे हात जोडले. "शेठजी, तूर्त परत जा. मी काय घडवलंय तेच मला कळलेलं नाही. ते कळेपर्यंत याहून मोठं काही घडवणार नाही."

आजवर त्याला नुसते 'पोरा' म्हणणाऱ्या गुरूने त्या दिवशी प्रथमच त्याला हाक मारली, "वैद्यराज, या, बसा."