परवलीचा शब्द कुणी फोडला?

राजवाड्याच्या दारात सारं राज्य भांडी घेऊन उभं होतं. कुणी तपेलं आणलेलं, कुणी घागर. एका बहाद्दराने तर बैलगाडीवर हंडाच चढवून आणला होता!

"बासुंदी कुठंय, बासुंदी?" लोक ओरडत होते. "राजा फुकट बासुंदी वाटतोय, अशी दवंडी ऐकली आम्ही!"

सोनखिंडीचा राजा मकरंद सज्जात आला आणि बघतच राहिला. कसली बासुंदी नि कसलं काय! त्याच्या नावाने कुणीतरी खोटी दवंडी पिटून मोकळं झालं होतं.

त्या राज्यातली रीत अशी होती. राजवाड्यापुढे हलगी वाजायची, दवंडी व्हायची. ती ऐकून समोरच्या टेकडीवरून राजाचे मामा तीच दवंडी पुढे धाडायचे, आणि टेकडी-टेकडीने बातमी पार सीमेपर्यंत जायची. पण उठला आणि हलगी बडवली, असं कुणी करू नये म्हणून प्रत्येक दवंडीआधी परवलीचा शब्द म्हणायचा. दर दवंडीला नवा शब्द. राजा तो ठरवणार, कबुतरासोबत मामांना कळवणार आणि दवंडीवाल्याच्या कानात सांगणार. शब्दाशिवाय आलेल्या दवंडीकडे मामा ढुंकूनही पाहत नसत.

"म्हणजे शब्द तिघांनाच ठाऊक!" राजा गरजला. "मी, मामा आणि हा सटवाजी दवंडीवाला. मामा कित्येक वर्षांत टेकडी उतरलेले नाहीत. मी तर राजाच! मग शब्द फोडला कुणी? घाला या सटवाजीला कोठडीत! परवा सकाळी सीमेपार हाकलून द्या!"

शिपायांनी सटवाजीला धरलं. तेवढ्यात गर्दीतून त्याची मुलगी हौसा पुढे आली. आई नाही, भाऊ नाही, या पोरीला बापाशिवाय दुसरं कुणी नव्हतं. पण तोंड? तोंड चांगलं खणखणीत होतं!

"महाराज, शब्द तुम्हीच फोडलात!"

"मी?"

"तुम्ही सोंगट्यांत राणीसाहेबांना हरवलंत. ते जगाला सांगायची इतकी घाई, की न्हाणीघराच्या खिडकीतून ओरडलात, 'सटवाजी, हिरवा हत्ती! शब्द आहे हिरवा हत्ती!' अख्ख्या बाजाराने ऐकलं. बाबा घरी जाऊन हलगीचं कातडं शेकून ताठ करतायत, तोवर कुणीतरी डाव साधला!"

प्रधानजींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. बाजारात उभं राहून त्यांनीही ते ऐकलं होतं ना!

राजा लालबुंद झाला. "माझ्या तोंडून गुपित फुटतं म्हणतेस? ठीक आहे! नवा शब्द ठरवून मामांना कळवतो. उद्या दिवेलागणीपर्यंत तो माझ्या तोंडून वदवून दाखव. जमलं तर बाप सुटला. नाही जमलं तर त्याच्याबरोबर तूही सीमेपार!"

दुसऱ्या दिवशी राजाने तोंडाला शेला गुंडाळला. न्हावी आला, त्याला हातानेच परत पाठवलं. आचाऱ्याने विचारलं, "भाजी कसली करू?" राजाने हवेत वांगं काढून दाखवलं. आचाऱ्याला तो भोपळा वाटला. राजाने मुकाट्याने भोपळा खाल्ला!

आणि हौसा काय करत होती? काही नाही! बाई राजवाड्याच्या पायरीवर बसून भाजलेल्या शेंगा खात होती. राजा सज्जातून डोकावून बघे. हौसा शेंग सोले. राजाचा जीव बोलण्यासाठी नुसता तळमळत होता.

ऊन उतरलं. हौसा उठली, टरफलं झटकली आणि दरबारात येऊन हात जोडून उभी राहिली.

"महाराज, तुमच्याकडून शब्द काढून घेणं माझ्या बापजन्मात जमायचं नाही."

राजाने शेला टराटरा सोडला. "जिंकलो! प्रधानजी, जिंकलो! ही बातमी आत्ताच्या आत्ता सगळीकडे गेली पाहिजे! दिवे लागल्यावर दवंडी पिटता येत नाही आपल्याकडे. बोलवा दवंडीवाल्याला!"

"तो कोठडीत आहे, महाराज," प्रधानजी म्हणाले.

"मी पिटते की!" हौसा म्हणाली. "हलगी आणलीय मी."

"शाब्बास! चल, सज्जात चल!"

हौसाने शेगडीवर हलगी शेकली. उलटून शेकली. बोटाने वाजवून पाहिली आणि पुन्हा शेकली. राजा सूर्याकडे बघत नुसता येरझाऱ्या घालत होता. "अगं आटप ना, बये!"

हलगी कडाडली. खाली बाजार गोळा झाला. "ऐका हो ऐका!" हौसा ओरडली आणि गप्प झाली.

"आता काय झालं?"

"परवलीचा शब्द नको का, महाराज? बिनशब्दाची दवंडी मामा पुढे धाडतील होय? उलट म्हणतील, खोटी दिसतेय, भाचा हरलाच असणार!"

"मामा असं म्हणतील?" राजा कळवळला. सूर्य टेकडीला टेकलेला! त्याने कठड्याला धरून बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "उंटाची आजी! अगं, उंटाची आजी म्हण!"

"उंटाची आजी!" खालून अख्खा बाजार ओरडला.

प्रधानजींनी कपाळाला हात लावला. राजाने स्वतःच्या तोंडाला लावला, पण उशीर झाला होता!

"पण… पण तूच म्हणालीस ना, काढून घेणं जमत नाही म्हणून?"

"मी कुठे काढून घेतला?" हौसा म्हणाली. "तुम्हीच दिलात! आणि दिवे अजून लागायचेत, महाराज."

राजाने सूर्याकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं. आधी मिश्या हलल्या, मग पोट हललं, आणि तो असा खदाखदा हसत सुटला की डोळ्यांतून पाणी आलं. सटवाजीला त्याने तिथल्या तिथे सोडवलं. बापलेक गळ्यात पडून रडले, तेव्हा राजाचेही डोळे पुन्हा ओले झाले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्याने हौसाच्या हाती दिलं.

"पोरी, आजपासून परवलीचा शब्द तू ठरवायचास. मामांना तूच कळवायचास. आणि हे बघ, माझी शपथ आहे तुला," राजा हात जोडून म्हणाला, "मी कितीही विचारलं ना, तरी मला मुळीच सांगायचा नाहीस!"