समेआधीचा आवाज

एकदा एका औषधविक्रेत्याच्या हाती त्याच्या दिवंगत आईचा आवाज लागला आणि त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही.

पद्माकर त्याचं नाव. वय पन्नाशीचं, पण एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ! गिऱ्हाईकानं दुखणं सांगायला तोंड उघडावं, तर ते पुरं होण्याआधी याची बाटली काउंटरवर. माणूस वाईट नव्हता. फक्त समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं हा प्रकार त्याला जमत नसे.

त्याची आई कुमुदिनी उत्तम गायची. पद्माकर तीन वर्षांचा असताना ती गेली. वडिलांनी, म्हणजे नानांनी, त्यानंतर घरात गाण्याचा विषय काढू दिला नाही. त्यामुळे पद्माकरला आईचा चेहरा माहीत होता तो भिंतीवरच्या फोटोतला. तिचा आवाज आठवत नव्हता, स्पर्श आठवत नव्हता. आपण कधीकाळी तिच्याजवळ होतो, असं सांगणारी एकही खूण त्याच्यापाशी नव्हती, आणि हे दुःख त्यानं आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

मग एके दिवशी माळा आवरताना ट्रंकेत ताटलीएवढी एक रेकॉर्ड सापडली. गावच्या संगीत मंडळानं पदरमोड करून आईच्या एका बंदिशीची रेकॉर्ड काढली होती, तीच ही. वर बुरशीचे ठिपके आणि धुळीचा थर. पद्माकरनं ती नानांच्या हातात दिली. नानांनी ती बराच वेळ धरून ठेवली आणि एवढंच म्हणाले, "वाजते का बघ."

यात घाईचं कारण होतं. नानांचा उजवा कान केव्हाच गेला होता. डाव्यानं थोडंफार ऐकू येई, पण तेही किती दिवस टिकेल हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. पद्माकरनं मनाशी ठरवलं, नानांना ऐकवायची ती लख्ख धुतलेली रेकॉर्डच. उरलंसुरलं ऐकणं खरखरीवर खर्च व्हायला नको.

आता औषधविक्रेता तो! त्यानं दुकानातला कापूस घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि जखम पुसावी तशी तबकडी आडवीतिडवी पुसली. कापसाचे तंतू बारीक खाचांमध्ये अडकून बसले. मधल्या कागदाची शाई पसरली. भाड्यानं आणलेल्या यंत्रावर लावली, तर आधीपेक्षा दुप्पट खरखर आली. त्या खरखरीमागे खूप लांब कुणीतरी गात होतं. पद्माकरला रडू फुटायचं बाकी राहिलं.

त्याच गावात रंगनाथराव राहत. रेडिओ केंद्रात त्यांनी तीस वर्षं रेकॉर्डी सांभाळल्या होत्या. पद्माकर तबकडी आणि यंत्र घेऊन धापा टाकत त्यांच्या दारात उभा राहिला. त्यांनी तबकडी उजेडात तिरपी धरून पाहिली.

"कापूस लावलास?"

"हो काका. स्पिरिट लावून."

"नशीब तुझं, ही प्लॅस्टिकची आहे. जुनी लाखेची असती तर स्पिरिटनं विरघळून तुझ्या हाताला लागली असती." मग चष्मा सारून त्यांनी विचारलं, "धुवून हवीय की धुवायला शिकायचंय?"

"शिकतो. पण लवकर शिकवा."

"लवकर शिकवायची रीत मला येत नाही," वृद्ध म्हणाले, आणि त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

त्यांची सामग्री बघून पद्माकरचा विरसच झाला. मऊ केसांचा एक ब्रश. गाडीच्या बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. पातळ साबणाचा एकच थेंब. धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचे दोन तुकडे. मधला कागद भिजू नये म्हणून त्यावर दाबून धरायला डब्याचं झाकण, आणि वाळत ठेवायला स्वयंपाकघरातलं ताटाळं. काकांनी ब्रश खाचांच्या वाटेनं गोल फिरवला, आडवा एकदाही नाही. एका फडक्यानं साबणाचं पाणी टिपलं, साध्या शुद्ध पाण्यानं पुन्हा धुतलं आणि दुसऱ्यानं कोरडं टिपलं. "साबण खाचेत राहिला तर तो वाळून नवा मळ होतो," ते म्हणाले. तबकडी ताटाळ्यात उभी करून ते शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले. पद्माकर मात्र तासभर अंगणात येरझाऱ्या घालत होता. तीनदा त्यानं तबकडीला बोट लावून पाहिलं आणि तीनदा बोलणी खाल्ली.

वाळल्यावर काकांनी पद्माकरच्या यंत्राच्या सुईवरचा कापूस इवल्या ब्रशनं काढला आणि रेकॉर्ड लावली. तानपुरा उमटला. तबला आला. आणि मग ती गायली.

पद्माकर खाली बसला. आवाज किंचित जाड होता, नाकात जराशी गोडी होती. आपल्या आईचा आवाज असा होता तर! त्याचे डोळे भरून आले. पण ते पुरते वाहायच्या आत त्याचे कान टवकारले. मधूनमधून बारीक तडतड राहिली होती. एका जागी टिकटिक लागत होती. आणि बंदिश संपत आली तशी वाळू सांडावी तसा काहीतरी 'खर्र' आवाज आला. पुन्हा आला.

"काका, अजून मळ आहे. परत धुऊ."

दुसऱ्या दिवशी परत धुतली. तडतड कमी झाली, 'खर्र' तसाच. तिसऱ्या दिवशी पद्माकर पिशवीभर बाटल्या घेऊन आला. काचेची, चष्म्याची, कवळीची, जी म्हणून स्वच्छ करायची औषधं दुकानात होती ती सगळी त्यानं ओट्यावर मांडली. काकांनी एकही उघडू दिली नाही. साध्या पाण्यानं पुन्हा धुतली, तरी 'खर्र' तिथंच. त्या दिवशी सकाळी नानांनी हाक दोनदा ऐकली नव्हती.

चौथ्या दिवशी तो आला तेव्हा ओट्यावर ना ब्रश, ना पाणी. काकांनी त्याच्या हातात पेन्सिल आणि कोरा कागद दिला.

"आज धुवायचं नाही. मी समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, हात खाली आणीन, तेव्हा उभी रेघ मार. गाण्याव्यतिरिक्त जो आवाज येईल, तो जिथं येईल तिथं टिंब दे."

"काका, नानांचा कान जातोय! आणि तुम्ही मला टिंबं काढायला बसवताय?"

"बस."

पद्माकर चरफडत बसला. पाय हलत होता, पेन्सिलीचं टोक दोनदा मोडलं. काकांनी रेकॉर्ड एकदा वाजवली, मग पुन्हा पहिल्यापासून, मग पुन्हा. दर वेळी नवा कागद. तिसऱ्यांदा केव्हातरी त्याचा पाय हलायचा थांबला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

काकांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"पद्माकर, धुणं ही नंतरची विद्या आहे. आधीची विद्या ऐकण्याची. ही इतस्ततः विखुरलेली टिंबं म्हणजे धूळ. बरीच गेली, उरलेलीही हळूहळू जाईल. ही टिकटिक प्रत्येक फेऱ्याला नेमकी येते. तो ओरखडा. तो कुठल्याही पाण्यानं जाणार नाही, त्याच्यासकट ऐकायला शिक. आणि आता तुझा 'खर्र' बघ. प्रत्येक कागदावर चारदाच आलाय. तीनदा समेच्या रेघेच्या थोडासा आधी आणि चौथ्यांदा थेट रेघेवर. बाळ, धुळीला सम कळत नाही. ज्याला कळत होती असं कुणीतरी त्या खोलीत बसलं होतं. मळ कोणता आणि गाणं कोणतं हे न ऐकताच तू तीन दिवस ब्रश चालवलास. कोण बसलं होतं, मला ठाऊक नाही. ठाऊक असलेला माणूस तुझ्या घरी आहे, आणि त्यालाच तू अजून हे ऐकवलेलं नाहीस."

पद्माकरनं रेकॉर्ड आणि यंत्र उचललं. बाटल्यांची पिशवीही तिथंच विसरून तो घरी गेला.

नाना खुर्चीत होते. त्यांचा डावा कान स्पीकरजवळ येईल अशी त्यानं खुर्ची सरकवली आणि सुई ठेवली. तानपुरा सुरू झाला, पण नानांच्या चेहऱ्यावर काही दिसेना. ऐकू येत नसेल का? पद्माकरनं आवाज वाढवला. आईचा आवाज लागला आणि नानांचं बोट हळूच गुडघ्यावर ठेका धरू लागलं.

टिकटिक आली, गेली. बंदिश शेवटाकडे आली. 'खर्र.'

नाना एकदम हसले.

"हा तू!"

"मी?" पद्माकर त्यांच्या कानाशी ओरडला.

"तुझा खुळखुळा. आपल्याच माजघरात रेकॉर्डिंग केलं ना. मशीनवाला म्हणाला, पोराला बाहेर न्या. तुला उचललं की तू भोकाड पसरायचास. शेवटी कुमुद म्हणाली, तो माझ्या मांडीवर बसेल तरच मी गाईन." नानांनी बोट वर केलं. "ऐक, ऐक. समेच्या आधीच वाजवलास. तेव्हापासून तुला दम नाही बघ."

पुन्हा 'खर्र'. पुन्हा समेआधी. नाना खदखदून हसले. तिसराही तसाच आला. मग त्यांचं हसू थांबलं आणि ते पुढं वाकले.

"आता शेवटचा ऐक."

आईनं मुखडा उचलला, ती समेकडे आली आणि बरोबर समेवर खुळखुळा वाजला. नानांचं बोटही त्याच क्षणी गुडघ्यावर पडलं.

"हा बरोबर पडला," नाना म्हणाले, "कारण या वेळी तिनं तुझी मूठ धरून ठेवली होती. सम आल्यावर सोडली."

रेकॉर्ड संपली. सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरत राहिली. एरवी पद्माकर उडी मारून उठला असता. आज तो स्वतःच्या उजव्या मुठीकडे पाहत बसून राहिला. ज्या आवाजाला आपण तीन दिवस खरवडत होतो, तेवढंच आईजवळचं आपलं असणं होतं, हे त्याला कळलं आणि त्याला मनसोक्त रडू आलं. नानांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

नानांचा कान पुढं दोन महिने टिकला. तोवर ती बंदिश रोज वाजली, टिकटिकीसकट.

पद्माकर अजून दुकान चालवतो. गिऱ्हाईक दुखणं सांगू लागलं की तो दोन्ही हात काउंटरवर ठेवतो, आणि बोलणं पुरं होईपर्यंत त्याचा हात बाटलीकडे जात नाही. लोकांना वाटतं, पद्माकरभाऊंचं आता वय झालं.