सुगरणीचे बेकायदा घर

मुलांनो, तळ्याकाठच्या एका जंगलात एक सुगरण राहत असे. कामाला वाघ आणि स्वभावाने हट्टी! त्या जंगलात झाडावर घर बांधायचे तर बुंध्याजवळच्या बेचक्यातच बांधावे, असा नियम होता. माकड येऊन फांदी गदागदा हलवी आणि घर टिकले तरच मंजुरी देई. गेल्या खेपेला सुगरणीने सगळे नियमाप्रमाणे केले, माकडानेही मान डोलावली. पण एके दुपारी साप बुंध्यावरून सरसर चढला आणि तिची सगळी अंडी गिळून गेला. सुगरण फार रडली.

या खेपेला तिने पाण्यावर झुकलेली बाभळीची बारीक फांदी निवडली. गवताची पाती चिरून, गाठी मारून तिने टोकाला लटकते घर विणले आणि दार ठेवले खालच्या बाजूला. माकड ओरडले, "हे बेकायदा आहे! बेचकं नाही, दार भलतीकडे आणि मी तिथवर येऊन तपासू कसा? आजच्या आज उतरव."

"उतरवणार नाही," सुगरण म्हणाली. "तपासायचं तर खुशाल या. मी काही वाट अडवलेली नाही."

माकड तोऱ्यात निघाले. फांदी वाकली, आणखी वाकली, काटा रुतला आणि स्वारी धपकन तळ्यात! घर मात्र झोके घेत राहिले. माकड तसेच निथळत जंगलाच्या कारभाऱ्याकडे, हत्तीकडे, तक्रार घेऊन गेले. सुगरणही मागोमाग गेली. तिच्या पोटात अंडी होती. हे घर मोडले तर दुसरे विणायला वेळ नव्हता. हत्तीसमोरच तिने माकडाला विचारले,

"माकडदादा, हा नियम केला कशासाठी?"

"अंडी-पिल्लं सुखरूप राहावीत म्हणून!"

"तुम्ही मंजूर केलेल्या घरातली अंडी सापाने खाल्ली. या घरापर्यंत तर तुम्हालाही पोचता आलं नाही. मग साप काट्यांतून येऊन खालच्या दारातून आत कसा शिरेल?"

माकड शेपटीचे पाणी पिळू लागले. हत्ती सोंड हलवत हसला. "फांदीला एवढा हिसका बसूनही घर टिकलं, म्हणजे तपासणीही झालीच की! घर मंजूर."

आभार मानायलाही सुगरण थांबली नाही. तिला अंडी घालायची होती.

तात्पर्य : नियम कशासाठी आहे हे विसरून तो राबवणारा तोंडघशी पडतो; नियमाचा हेतू ओळखून ठाम उभे राहावे.