वाळवी आणि वेणाईचे पाय

एका राज्यात गोंदाजी नावाचा सुतार राहत होता. लहानपणी त्याने खांबाला कान लावला, तेव्हा आत करकर ऐकू आली होती. बाप म्हणाला होता, "वाळवी आहे. हा आवाज विसरू नकोस."

चाळीस वर्षांनी तोच आवाज त्याला आपल्या लेकीच्या पायांतून आला. एका जादूगाराने वेणाईला मागणी घातली होती. ती नाही म्हणाली, म्हणून त्याने तिला सागाची बाहुली करून टाकले होते. वाळवी काळजापर्यंत चढली की वेणाई संपणार होती.

खिडकीत सुतारपक्षी येऊन बसला. "दादा, आपला धंदा एक, म्हणून सांगतो. माळावर वाळवी खाणारे जनावर आहे. हत्यार नेऊ नकोस. दोर बांधू नकोस. आणि कुणी त्याला लांडगा म्हणू नये."

"म्हटले तर?"

"दर वेळी त्याला एक सुळा फुटेल. तिसऱ्या वेळी ते खरोखरीचा लांडगा होईल."

गोंदाजीने घरची किडकी चौकट मोडली आणि तिचे तुकडे घेऊन माळ गाठला. बिळातून जनावर निघाले. अंगावर काळे पट्टे, पाठीवर आयाळ, दात तांदळाच्या कणीएवढे. एकेक तुकडा टाकीत गोंदाजी पुढे चालला, वाळवी चाटीत ते मागे आले.

वेशीवर पहारेकरी ओरडला, "अरे, लांडगा!" एक सुळा फुटला.

बाजारात तेलीण किंचाळली, "अगं बाई, लांडगा!" दुसरा फुटला.

दारात गोंदाजीची बायको भागूबाई उभी होती. तिने सुळे पाहिले. आत तिची लेक होती. भीतीने भागूबाईचे ओठ हलले. गोंदाजीने डोळे मिटले.

भागूबाईने तांब्या उचलला. "लांबून आलात. पाय धुवा, पाहुणे."

दोन्ही सुळे उंबऱ्यावर गळून पडले.

पाहुणा आत गेला आणि सूर्य माथ्यावर येईतो चाटीत राहिला. शेवटची वाळवी संपली, तशी बाहुलीची पुन्हा वेणाई झाली आणि हसली. "आई, गुदगुल्या होतात गं!"

त्याच घटकेला जादूगाराची काठी त्याच्या मुठीत माती झाली, आणि त्याची विद्याही गेली.

राजा स्वतः आला. लांडगा मारणाऱ्याला पागोटे द्यायची चाल होती. ती त्याने बंद केली, आणि तेच पागोटे पाहुण्यापुढे धरले. "मागा, काय हवे ते."

पाहुण्याने पागोटे हुंगले. त्यात वाळवी नव्हती. नाक चाटून तो वळला आणि माळाकडे चालू लागला.