बोलीआधीचा चहा

एकदा एका शहाण्या माणसाची मती गुंग झाली. अडाण्याला निदान आपल्याला कळत नाही एवढे तरी कळते. शहाण्याची पंचाईत मोठी असते. त्या पंचाईतीची ही गोष्ट.

पैठणी विणणाऱ्या एका गावात एक वृद्ध मध्यस्थ राहत असे. घरे, जागा, मळे यांचे व्यवहार जुळवून देणे हा त्याचा व्यवसाय. सारा गाव त्याला नाना म्हणे. नानांच्या हाताखाली श्रीपती नावाचा पस्तिशीचा गृहस्थ हा व्यवसाय शिकत होता. आठ वर्षे शाळेत गणित शिकवून तो कंटाळला आणि नानांच्या ओट्यावर येऊन बसला. गाव मात्र त्याला अजून मास्तरच म्हणत असे, आणि खरे सांगायचे तर त्यालाही ते आवडत असे.

संक्रांत झाल्यावर एके सकाळी अनसूयाबाई नानांकडे आल्या. बसस्थानकाजवळ त्यांची खानावळ होती. दोन्ही वेळेला चाळीस ताटे उठत, जेवायला एस.टी.चे चालक-वाहक, बँकेतले बदलीवर आलेले बाबू, शिकायला राहिलेली मुले. जागा मात्र भाड्याची, आणि मालकाला ती पाडून नवी इमारत बांधायची होती. होळीपर्यंत जागा सोडा, असा त्याचा निरोप होता. तेवढ्यात विणकर आळीच्या तोंडाशी एक घर विकाऊ निघाले. पुढे ऐसपैस ओसरी, धुराडे असलेले स्वयंपाकघर, मागे एक खोली, परसात बारमाही पाण्याचा आड. बाईंनी घर पाहिले आणि त्यांचा जीव त्यात अडकला.

"नाना, हे घर हातचं गेलं तर माझी चूल विझली समजा," त्या म्हणाल्या. "जेवणारं माणूस दोन गल्ल्या लांब चालत येत नाही हो. माझी कुवत किती, ते तुमच्या कानात सांगते. त्यापुढे मला ओढू नका."

त्यांनी आकडा सांगितला. नानांनी मान डोलावली. श्रीपतीला मात्र स्फुरण चढले. त्या घरावर आणखी दोघांचा डोळा होता: एक कापडाचा व्यापारी, दुसरा शहरातून निवृत्त होऊन आलेला अधिकारी. त्या गावची रीत अशी, की ज्याने त्याने आपली बोली बंद पाकिटात विकणाऱ्याच्या मध्यस्थाकडे द्यायची आणि रविवारी ती मालकासमक्ष उघडायची. विकणाऱ्याचे मध्यस्थ होते हुसेनभाई. श्रीपतीने त्याच दिवशी सुवाच्य अक्षरात बोली लिहून काढली. किंमत बाईंच्या कुवतीइतकी, आणि खाली दोन रेघा मारून एक अट: 'ताबा होळीच्या आत, घर संपूर्ण रिकामे करून.' ही अट लिहिल्याचा त्याला विशेष अभिमान वाटला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते असे.

नानांनी कागद वाचला, घडी घातली आणि पानाच्या डब्याखाली सरकवला.

"चल, आधी हुसेनभाईंकडे चहा घेऊन येऊ," ते म्हणाले.

श्रीपती चमकला. हुसेनभाई म्हणजे समोरच्या पक्षाचा माणूस. लढाईला निघण्यापूर्वी शत्रूच्या तंबूत चहा प्यायला कोण जातो? पण गुरूपुढे बोलायची सोय नव्हती. तो मुकाट्याने मागोमाग गेला.

नाना आणि हुसेनभाई, दोघांची उमेदवारी एके काळी गुरांच्या बाजारात झालेली. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि आत बोटे दाबून आकडा ठरवतात. श्रीपती अंगणातल्या बाकावर बसला आणि रुमाल कधी निघतो याची वाट पाहू लागला. रुमाल निघालाच नाही. नानांचे दोन्ही हात बशीला होते. मधूनच शब्द कानावर येत होते.

"मोर किती झाले?" नाना विचारत होते.

"चौदा. आठ राहिले," हुसेनभाई म्हणाले.

"आणि डोळे?"

"डोळ्यांचं काही सांगता येत नाही नाना. तोच तर घोर आहे."

श्रीपतीच्या डोक्यात प्रकाश पडण्याऐवजी होता तोही गेला. घराचा व्यवहार चालला आहे आणि हे दोन म्हातारे मोर मोजत बसले आहेत! ही काही खुणेची भाषा असावी का? नानांनी बाईंची कुवत तर सांगून टाकली नाही? या विचाराने त्याला घाम फुटला. नानांविषयी असे मनात आले याची लाजही वाटली, पण विचार काही हटेना.

परतताना त्याने विचारले, "नाना, किमतीचं काय बोलणं झालं?"

"किमतीचं? काही नाही."

"मग बोली द्यायची कधी?"

"घाई काय आहे? घोडामैदान जवळच आहे."

दुसऱ्या दिवशी नाना खानावळीत गेले. श्रीपती बरोबर होताच. आता तरी नाना बाईंना चार पैसे वाढवायला सांगतील, असा त्याचा कयास. नानांनी विचारले भलतेच.

"बाई, पाठीमागे खटक-खटक आवाज दिवसभर चालला तर जमेल का तुम्हाला?"

अनसूयाबाई हसल्या. "चाळीस ताटांच्या आदळआपटीत मला कुठला आवाज ऐकू येतोय नाना?"

"चुलीचा धूर रस्त्याच्या अंगाला काढता येईल?"

"पत्र्याची नळी बसवली की झालं."

"आणि मागची खोली दिवाळीपर्यंत नसली, किंवा थोडं पुढेमागे झालं, तर अडेल तुमचं?"

इथे बाई जरा थांबल्या. धान्याची पोती कुठे ठेवायची याचा त्यांनी मनाशी विचार केला असावा. मग म्हणाल्या, "ओसरीला आडोसा करीन. नाही अडायचं. पण नाना, घर मिळेल ना?"

"ते मालकाच्या हातात," नाना म्हणाले आणि उठले.

श्रीपती आता पुरता भांबावला होता. सौदा एका घराचा, आणि नाना त्यातली एक खोली आपल्याच गिऱ्हाइकाच्या तोंडून सोडवून घेत होते! शनिवारी गावात कुजबुज झाली की व्यापाऱ्याने बाईंपेक्षा बराच चढा आकडा घातला आहे. मग श्रीपतीला राहवेना. नाना दुपारी वामकुक्षी घेत असताना त्याने पानाच्या डब्याखालचा आपला कागद हळूच काढला, पाकिटात घातला आणि थेट हुसेनभाईंचे घर गाठले.

हुसेनभाईंनी पाकिटाकडे पाहिले, हात लावला नाही.

"मास्तर, नानांनी मला कालच सांगून ठेवलंय, आमचा कागद रविवारी येईल म्हणून. एका गिऱ्हाइकाच्या दोन बोल्या मी घेत नाही. हा तुम्ही परत घेऊन जा."

"पण यात वाईट काय आहे?"

"मी उघडला नाही, मला काय माहीत?" हुसेनभाई म्हणाले. "चहा घेता?"

श्रीपतीने चहा घेतला नाही. आपल्या बाजूचा माणूस बोली देत नाही, समोरचा ती घेत नाही, आणि मध्ये एका बाईची चूल टांगणीला लागली आहे. घरी जाऊन तो नुसता बसून राहिला. शाळा सोडली हे चुकलेच, असेही त्याच्या मनात येऊन गेले.

रविवारी सकाळी हुसेनभाईंच्या ओट्यावर सारे जमले. घराचा मालक, त्याच आळीतला एक विणकर, भिंतीला टेकून बसला होता. साठी उलटलेली, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, बोलणे बेताचे. शेजारी पदर सावरून त्याची बायको.

पहिले पाकीट व्यापाऱ्याचे. आकडा चांगलाच मोठा, ताबा गुढीपाडव्याला. दुसरे अधिकाऱ्याचे. आकडा त्याहून थोडा कमी. ताबा महिन्याभरात, मागच्या खोलीतला माग काढून व जमिनीतला खड्डा बुजवून. हे ऐकताना विणकराने मान खाली घातली. त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिले आणि नजर दुसरीकडे वळवली.

तिसरे पाकीट नानांचे. किंमत तिघांत कमी. श्रीपतीने डोळे मिटून घेतले. हुसेनभाई पुढे वाचू लागले: 'पुढचे घर व स्वयंपाकघर होळीच्या आत बाईंकडे. मागची खोली मागासह विणकराकडे, पैठणी मागावरून उतरेपर्यंत. तिचे भाडे नाही. जरीला धूर लागू नये म्हणून चुलीचे धुराडे रस्त्याच्या अंगाला वळवून घेऊ. रक्कम मात्र सगळी खरेदीखताच्या दिवशीच.'

हुसेनभाईंनी कागद खाली ठेवला.

"पुन्हा वाचा," विणकर म्हणाला.

हुसेनभाईंनी पुन्हा वाचले. विणकराने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला. मग बायकोकडे न पाहताच म्हणाला, "हे घर बाईंना द्या."

अनसूयाबाईंना रडू कोसळले. दोन्ही वेळेला चाळीस ताटे वाढणारी ती बाई ओट्याच्या पायरीवर बसून मोकळेपणाने रडली. श्रीपती मात्र मनात आकडे पुन्हा पुन्हा मांडून पाहत होता. जास्त आकडा हरला आणि कमी आकडा जिंकला! आठ वर्षे शिकवलेले गणित असे कसे उलटे फिरले?

घराकडे चालताना त्याने सगळे कबूल केले. परस्पर हुसेनभाईंकडे गेलो होतो तेही, आणि मनात काय काय आले तेही. नाना रागावले नाहीत.

"श्रीपती, प्रश्नपत्रिका हातात येण्याआधीच उत्तर लिहिणाऱ्या पोराला तू वर्गात काय म्हणायचास?" त्यांनी विचारले. "बोली हे उत्तर असतं रे. आपण पाण्यात म्हैस ठेवून बाहेर तिचं मोल करत होतो. विणकर आयुष्यभर दुसऱ्यांच्या बायकांसाठी पैठण्या विणत आला. आता दृष्टी जाऊ लागली, मुलगा शहरात बोलावतोय, त्याच्या घरासाठी पैसा हवाय म्हणून हे विकायचं. पण जाण्याआधी एक पैठणी त्याला स्वतःच्या बायकोला नेसवायची आहे. माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला. मध्येच हलवला तर ताण्याचे हजारो उभे धागे सैल पडतात, मोराच्या माना वाकड्या होतात. हे तो चारचौघांत सांगेल? म्हातारपणी बायकोसाठी पैठणी विणतोय म्हणून लोक हसतील, ही लाज. हुसेनभाईंना त्यानं एवढंच बजावलं होतं, कुणी विचारलं तर सांगा, आपणहून सांगू नका. तीन बोल्या लिहिल्या गेल्या, तुझी धरून. विचारायला कुणी गेलं का?"

"पण हुसेनभाई तर समोरचे..."

"समोरचे म्हणून तर त्यांच्याकडे जायचं. आपल्या गिऱ्हाइकाचं मन आपल्याला ठाऊक असतंच. आणि त्यांनाही व्यवहार टिकायला हवाय. ताब्याच्या दिवशी मोडलेल्या सौद्याचं पुण्य कुणालाच मिळत नाही."

श्रीपतीने मनात टोचत असलेला काटा बाहेर काढला. "आणि त्यांनी बाईंची कुवत विचारली असती तर?"

"विचारली की! जुना मित्र आहे, धंदा थोडाच सोडतोय? मी म्हटलं, चहात आलं छान पडलंय." नाना हसले. "विचारायला लाजू नये, आणि जे दुसऱ्यानं विश्वासानं कानात सांगितलं ते ओठांवर आणू नये. दोन्ही एकाच तोंडानं करायचं असतं."

दुसऱ्या दिवशी श्रीपती धुराड्याचे माप घ्यायला म्हणून त्या घरी गेला. माप झाले, तरी पाय निघेना. तो मागच्या खोलीशी गेला. हीच खोली त्याने बोली लिहिण्याआधी टेपने मोजली होती आणि वहीत तिच्यापुढे लिहिले होते: 'अडगळ.' विणकर खड्ड्यात पाय सोडून मागावर वाकला होता. चष्मा धाग्यांना टेकेल इतका जवळ. समोर जांभळ्या रेशमावर जरीचा पदर, त्यात हिरवे मोर. पंधरावा अर्धा झाला होता. त्याला अजून मान नव्हती.

श्रीपतीला बरेच काही बोलायचे होते. क्षमा मागायची होती, आपण मास्तर आहोत हेही विसरायचे होते. तो दाराशीच चप्पल काढून जमिनीवर बसला.

"काका," त्याने विचारले, "या मोराची मान कशी काढतात?"

विणकराचा हात थांबला. त्याने वळून पाहिले. घर बघायला इतकी माणसे येऊन गेली, भिंती ठोकून गेली, आढे मोजून गेली. पण या प्रश्नासारखा प्रश्न त्याने महिनाभरात ऐकला नव्हता.

"अस्सं पुढं या," तो सरकून जागा करत म्हणाला. "तिथून नाही दिसायचं."