चांगुणाबाईंनी दाखवलेली जागा

वेळशेतच्या कोळ्यांची मागणी एवढीच होती की, पावसाळ्यात होड्या ओढून ठेवायला टेकडीजवळची सरकारी जागा मिळावी. किनाऱ्यावरच्या जुन्या जागेत तीन वर्षांत अकरा होड्या फुटल्या होत्या. या मागणीच्या सुनावणीला आलेले सरकारी समितीचे अध्यक्ष देवस्थळी यांनी मात्र तासभर वर्तमानपत्रांनाच झोडपलं.

"वादळं पूर्वीही यायची. हवामान बदललं म्हणून ती वाढली, ही पत्रकारांची आवई आहे. जुनी जागा पुरेशी आहे."

त्याच दिवशी बंदरावर वादळाचा बावटा चढला होता. कोळ्यांमधल्या चांगुणाबाई पावसे उठल्या.

"साहेब, माझे सासरे त्या जुन्या जागेतच, किनाऱ्यावरच्या उंडीच्या झाडाखाली होडी झावळ्यांनी शाकारून ठेवायचे. चाळीस पावसाळे तिला लाट शिवली नाही. वादळं तेव्हाचीच असतील, तर हे वादळ सरेपर्यंत तुमची गाडी तिथे ठेवा. शाकारून आम्ही देतो."

"अहो बाई, वाहून गेली म्हणजे?"

"कशानं, साहेब?"

मंडपात हशा पिकला. देवस्थळींनी आधी ड्रायव्हरला गाडी टेकडीजवळ नेऊन लावायला सांगितलं आणि मग त्याच जागेसाठीच्या कोळ्यांच्या अर्जावर सही केली.